गोळी कुणाच्या हातात



आशाताई दारात येते, ओट्यावर टेकते, तांब्याभर पाणी मागते आणि म्हणते, "घे बाई, माझ्यासमोर घे गोळी." क्षयाच्या गोळ्यांची ही रीत आपल्या गेवराई तालुक्यात गावात, वस्तीवर, तांड्यावर सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती आली कुठून, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

ती आली मद्रासहून. १९५६ साली तिथं क्षयाच्या औषधांचं एक संशोधन केंद्र सुरू झालं. त्याआधी क्षय झाला की माणसाला महिनोन्महिने सॅनेटोरियममध्ये ठेवायचे. आपल्याकडे मिरजेजवळचं वानलेसवाडीचं सॅनेटोरियम त्यासाठीच नावाजलेलं. पण खाटा थोड्या आणि रोगी अफाट. मग मद्रासच्या केंद्रात वॉलेस फॉक्स या इंग्रज डॉक्टरांच्या देखरेखीखाली १९३ गरीब रोग्यांचा अभ्यास झाला. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी, दाटीवाटीच्या वस्तीत. औषध दोघांना तेच. वर्ष संपलं तेव्हा दिसलं की घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. १९५९ मध्ये हे छापून आलं आणि पुढे जगभरच्या सॅनेटोरियमच्या खाटा हळूहळू रिकाम्या होत गेल्या.

पण औषध घरी दिलं की एक नवा प्रश्न उभा राहतो. रोगी गोळ्या नेतो खरा, पण घेतो का? मद्रासची माणसं न सांगता घरी जायची, उरलेल्या गोळ्या मोजायची, लघवी तपासून औषध पोटात गेलं की नाही ते बघायची. खोकला थांबला, अंगावर मांस चढलं की माणसाचा हात आखडतो, मग तो शिकलेला असो की अडाणी. त्यातूनच पुढे समोर बसून गोळी देण्याची पद्धत आली, आणि १९९७ पासून ती आपल्या देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाचा भाग झाली.

आज मला बोलायचं आहे ते मात्र दुसऱ्या एका गोळीबद्दल. ती सहा महिन्यांत संपत नाही. जन्मभर, सकाळ-संध्याकाळ घ्यायची असते, आणि ती द्यायला कुणी ओट्यावर येऊन बसत नाही. किडनी किंवा लिव्हर बदललेल्या माणसाची गोळी. त्यातही बारा-तेरा ते वीस-बावीस या वयातल्या पोरापोरींची. अशी मुलं संख्येनं थोडी आहेत. पण ज्या घरात एक असतं, त्या घराचं सगळं घड्याळ त्या गोळीभोवती फिरतं, आणि ते घड्याळ बहुतेक वेळा आईच्या डोक्यात असतं.

अवयव बदलण्याचा इतिहास सांगायला बसलं की सगळे सर्जनचा इतिहास सांगतात. तोही आहे, आणि मोठा आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. भाऊ जुळे होते, अगदी एकसारखे, म्हणून ते जमलं. आपल्या मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये मे १९६५ मध्ये मृत माणसाची किडनी बसवण्यात आली. भारतातला तो पहिला प्रयत्न. ऑपरेशन झालं, पण अकराव्या दिवशी रोगी गेला. त्याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदय बदललं. रोगी काही तासच जगला. दक्षिण आफ्रिकेत जगातलं पहिलं हृदय बदललं गेलं त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते, इतक्या पुढे आपली मुंबई होती. मग १९७१ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत माणसानं दिलेली किडनी बसवून ती टिकली.

पण शिवण कितीही सुबक घातली तरी शरीराला परकं माणूस घरात शिरलेलं कळतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे गावचे राखणदार. ओळखीचा नाही असा दिसला की ते काठ्या घेऊन धावतात. आईची किडनी असली तरी त्यांच्या लेखी ती परकीच. बोस्टनच्या जुळ्यांत हा प्रश्न आला नाही, कारण राखणदारांना फरकच कळला नाही. बाकी सगळ्यांना एक औषध लागणार होतं, जे राखणदारांना मारणार नाही, फक्त थोपवून धरील.

ते औषध शोधण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. तिचं नाव गर्ट्रूड एलियन. न्यूयॉर्कची मुलगी. आजोबा कॅन्सरनं गेले ते बघून तिनं रसायनशास्त्र घेतलं. १९३७ मध्ये पदवी झाली, पण प्रयोगशाळेत बाईला नोकरी द्यायला कुणी तयार होईना. शिकवण्याची कामं करत तिनं दिवस काढले. दुसऱ्या महायुद्धात पुरुषमाणसं लढाईवर गेली तेव्हा कुठं दारं थोडी किलकिली झाली, आणि १९४४ मध्ये तिला एका औषध कंपनीत जागा मिळाली. जॉर्ज हिचिंग्ज यांच्याबरोबर काम करताना तिनं कॅन्सरवरची जी औषधं काढली, त्यातल्याच एकापासून ॲझाथायोप्रिन तयार झालं. इंग्लंडच्या रॉय कॅल्न यांनी अशी औषधं आधी कुत्र्यांवर वापरून पाहिली, आणि १९६२ मध्ये बोस्टनला त्याच्या आधारानं नात्यात नसलेल्या माणसाची किडनी वर्षाहून अधिक टिकली. एलियनला १९८८ मध्ये नोबेल मिळालं. पीएचडी करायचं मात्र राहूनच गेलं होतं.

पुढची दोन औषधं मातीतून आली. आपल्या शेतकरी बायांना हे ऐकून बरं वाटेल. १९६९ मध्ये नॉर्वेच्या एका उजाड, थंडगार पठारावरून स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीच्या माणसानं मातीचा नमुना नेला होता. त्यातल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालं. डॉ. कॅल्न यांनी १९७८ मध्ये ते माणसांना दिलं आणि १९८३ मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली. १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीत एक जिवाणू सापडला, त्यापासून टॅक्रोलिमस. आज किडनी बदललेल्या बहुतेक पोरांच्या डबीत हेच टॅक्रोलिमस असतं, जोडीला आणखी एक-दोन औषधं. आता ती आपल्या देशातही तयार होतात, पण खर्च तरीही दर महिन्याचा आणि कायमचा आहे.

ही गोळी साधारण बारा तासांनी का घ्यायची, हे एकदा समजून घ्या. रक्तात तिचं प्रमाण एका अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. जास्त झालं तर हात थरथरतात, आणि तेच औषध किडनीला इजा करतं. कमी झालं तर राखणदार सुटतात. विहिरीत पाणी किती आहे ते बघावं तसं डॉक्टर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त काढून ही लेव्हल बघतात. म्हणून तपासणीच्या दिवशी गोळी बरोबर न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. घरून निघताना घेऊन टाकली की त्या दिवसाच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आता खरी अडचण. गोळी चुकली तर दुखत काहीच नाही. डोकं धरत नाही, ताप येत नाही. दोन दिवस चुकली, चार दिवस चुकली, पोरगं शाळेत जातंय, क्रिकेट खेळतंय, पाणीपुरी मागतंय. आत मात्र राखणदार कामाला लागलेले असतात आणि रक्तातलं क्रिएटिनीन हळूहळू वर चढत असतं. अंगावर सूज दिसेपर्यंत पुष्कळदा फार उशीर होतो. मोठ्या माणसाला हे सांगून पटतं. पंधराव्या वर्षी काल चुकली आणि आज मी ठणठणीत आहे, एवढंच खरं वाटतं.

मुलं गोळ्या चुकवतात हे डॉक्टरांनीही पुष्कळ उशिरा मान्य केलं. १९७८ मध्ये लॉस एंजेलिसच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमधल्या डॉ. बार्बरा कॉर्श यांनी किडनी बदलल्यावर औषधं थांबवलेल्या १४ रुग्णांबद्दल लिहिलं. त्यात बहुतेक किशोरवयीन मुली होत्या. का मुली, ते तुम्ही ओळखलं असेलच. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल होतो, मुरुमं येतात, उंची खुंटते. पुढे सायक्लोस्पोरिन आलं तर हातावर, ओठांवर लव वाढायची, हिरड्या फुगायच्या. ज्या वयात आरशासमोर तासतास जातो, त्याच वयात हे. गोळी सोडली की चेहऱ्याची सूज उतरते, आणि मैत्रिणी म्हणतात, किती छान दिसतेस आता! जीव वाचवणारी गोळी रूप बिघडवते, आणि ती सोडण्याचं बक्षीस लगेच मिळतं. त्या मुलींना मूर्ख म्हणणं सोपं आहे. मला तसं म्हणवत नाही.

याच कॉर्शबाईंनी दहा वर्षं आधी आणखी एक मोलाचं काम केलं होतं. मुलं घेऊन आलेल्या आया आणि डॉक्टर यांच्यातल्या ८०० भेटी त्यांनी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. आईच्या मनात जी धास्ती असते ती पुष्कळदा तिला बोलायलाच मिळत नव्हती, आणि डॉक्टर आपल्या भाषेत काहीतरी सांगून मोकळे होत होते. जिथं आईचं समाधान झालं, तिथं औषध जास्त नीट दिलं गेलं. आपल्याकडच्या ओपीडीतली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला अमेरिका लागत नाही. पण कुणीतरी मोजून ठेवलं, हे चांगलं झालं.

आपल्याकडे तर ही गोष्ट फार जुनी आहे. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, सेवा करणारा आणि रोगी. प्रत्येक पायाचे चार गुण. रोग्याचे गुण कोणते? स्मृती, म्हणजे लक्षात ठेवणं. निर्देशकारित्व, म्हणजे सांगितल्याप्रमाणे करणं. अभीरुत्व, म्हणजे न घाबरणं. आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होतंय ते नीट सांगता येणं. सेवा करणाऱ्याच्या गुणांत कामाची जाण, चलाखी आणि स्वच्छता यांच्याबरोबर अनुराग आहे, रोग्यावरची माया. मला नेहमी वाटतं की यातला सांगितलं तसं कर एवढाच गुण आपण उचलला. घरातही, दवाखान्यातही. न घाबरणं आणि सांगता येणं हे दोन राहून गेले. पोरगं घाबरलं की सांगत नाही. चार गोळ्या चुकल्या हे सांगितल्यावर बोलणी बसणार असतील, तर ते डबीतल्या गोळ्या मोरीत टाकून डबी रिकामी दाखवतं. मग डॉक्टरांना लेव्हल कमी दिसते, गोळी घेऊनही कमी आहे असं समजून ते डोस वाढवतात, आणि घोटाळा आणखी वाढतो.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलचे डॉ. इयाल शेमेश यांनी यावर एक साधी युक्ती काढली. मुलाला विचारण्यापेक्षा त्याच्या आधीच्या तपासण्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. एकदा पाच, एकदा बारा, एकदा तीन असे आकडे उड्या मारत असतील तर घरी काहीतरी बिनसलं आहे. हे आपणही करू शकतो. रिपोर्टची फाइल घरात असतेच. लेव्हलचे आकडे तारखेप्रमाणे एका वहीत उतरवून डॉक्टरांपुढे ठेवायचे. आकडे उड्या मारण्याला जुलाब, दुसरं औषध अशी कारणंही असतात, म्हणून वही ही आरोपपत्र म्हणून दाखवायची नाही, बोलायला सुरुवात म्हणून दाखवायची. याच डॉक्टरांना असंही आढळलं होतं की गोळ्या टाळणाऱ्या काही मुलांच्या मनात आजारपणाची, ऑपरेशनची दहशत बसलेली असते. गोळी हातात घेतली की ते सगळं आठवतं. अशा मुलाला आळशी म्हणून काय होणार?

आता या इतिहासातला मला सर्वांत मोठा वाटणारा धडा. तो इंग्लंडमधला आहे. नॉटिंगहॅमचे डॉ. ॲलन वॉटसन यांनी २००० साली एक छोटा पण अंगावर काटा आणणारा लेख लिहिला. त्यांच्या मुलांच्या विभागातले, किडनी बदललेले २० तरुण वयात आल्यावर मोठ्यांच्या विभागात पाठवले गेले. त्यातल्या ८ जणांची किडनी तीन वर्षांच्या आत गेली. वर्षानुवर्षं टिकलेल्या किडन्या या. काय बदललं होतं? लहानपणापासूनची नर्स गेली, नावानं हाक मारणारा डॉक्टर गेला, आईला बाहेर बसायला सांगितलं गेलं. अठरा पूर्ण, आता तुझं तू बघ. आपल्याकडे शेतीची वाटणी करतानाही इतकी घाई कुणी करत नाही.

ऑक्सफर्डच्या डॉ. पॉल हार्डन यांनी त्यावर वेगळं करून पाहिलं. पंधरा-सोळाव्या वर्षापासून मुलांचे आणि मोठ्यांचे डॉक्टर एकत्र बसून या मुलांना भेटू लागले. पुढचा दवाखाना हॉस्पिटलात न भरवता कॉलेजच्या आणि खेळाच्या जागी भरवला. तरुणांशी त्यांच्या भाषेत बोलणारा कार्यकर्ता नेमला. एकाच दुखण्याचे दहा-बारा जण तिथं एकमेकांना भेटू लागले. २०१२ मध्ये त्यांनी आकडे छापले. जुन्या पद्धतीनं पाठवलेल्या ९ जणांपैकी ६ जणांची किडनी गेली होती, नव्या पद्धतीतल्या १२ जणांपैकी एकाचीही गेली नव्हती. संख्या लहान आहे हे खरं, पण नॉटिंगहॅमचा अनुभव शेजारी ठेवला की दुर्लक्ष करवत नाही. कॅनडातल्या माँट्रियलच्या डॉ. बेथनी फॉस्टर यांनी अमेरिकेतल्या मोठ्या नोंदी तपासल्या तेव्हाही हेच वय पुढे आलं: १७ ते २४. बसवलेली किडनी निकामी होण्याचा धोका या वर्षांत सर्वांत जास्त. म्हणजे आपण ज्या वयाला "आता मोठा झाला" म्हणून हात झटकतो, तेच.

याच फॉस्टरबाईंनी २०१८ मध्ये आणखी एक अभ्यास छापला. कॅनडा आणि अमेरिकेतली आठ हॉस्पिटलं, ११ ते २४ वयाचे १६९ जण. सगळ्यांना गोळ्यांची एक इलेक्ट्रॉनिक डबी दिली, जी कधी उघडली ते टिपून ठेवते. निम्म्यांना फक्त डबी. उरलेल्यांना मोबाईलवर आठवण, आणि दर तीन महिन्यांनी एका माणसाबरोबर बैठक, ज्यात त्या डबीची नोंद समोर ठेवून मूल स्वतःच ठरवायचं की आपली अडचण कोणती आणि त्यावर काय करायचं. या मुलांनी वर्षभरात गोळ्या स्पष्टपणे जास्त नियमित घेतल्या. नुसत्या डबीवर भिस्त ठेवणारे पालक आपल्याकडेही आहेत. मेडिकलवर सात खणांची प्लास्टिकची डबी मिळते, ती जरूर घ्यावी. पण रविवारी ती मुलानंच भरावी, आणि शनिवारी एखादा खण भरलेला उरला तर आईनं "का रे उरली?" असं विचारून उत्तर पूर्ण ऐकावं. मधेच बोलू नये. हे मधेच न बोलणं फार अवघड असतं.

आता आपल्या गेवराईचं बघू. किडनी बदलणं छत्रपती संभाजीनगरला होतं, पुण्या-मुंबईला होतं. ऑपरेशनला महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारखा आधार मिळू शकतो, पण घरी आल्यावर गोळ्यांची रांग कधी संपत नाही. शिवाय टॅक्रोलिमस प्रत्येक मेडिकलवर हुकमी मिळेलच असं नाही. त्यामुळे शेवटची पट्टी फोडल्यावर शोधाशोध नको, निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या हाताशी असतानाच पुढची सोय करावी. दुकानदारानं "तेच आहे ताई, दुसऱ्या कंपनीचं" म्हणून दिलं, तर घेण्याआधी हॉस्पिटलला फोन करावा. औषध तेच असलं तरी कंपनी बदलल्यावर लेव्हल तपासावी लागते.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातून किती बिऱ्हाडं कोयता घेऊन निघतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. उचल घेतलेली असते, मुकादमाचा ट्रॅक्टर दारात उभा असतो. अशा घरातलं किडनी बदललेलं मूल एक तर आजीपाशी राहतं, नाहीतर फडावर जातं. आजीपाशी राहिलं तर आजीला वाचता येवो न येवो, गोळ्यांची वेळ तिच्या रोजच्या कामाला बांधून द्यावी, सकाळची चहाच्या आधी आणि रात्रीची तितक्याच तासांनी, अशी. फडावर गेलं तर पहाटे तीनला उठणाऱ्या घरात सकाळची गोळी कधी, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवावं. वेळ कोणतीही असो, रोज तीच असावी. आणि औषधाच्या चिठ्ठीची एक प्रत मुलाच्या दप्तरात, एक आईच्या पिशवीत. साखर कारखान्याजवळच्या अनोळखी डॉक्टरला आधी ती दाखवायची आणि मग बाकीचं सांगायचं, कारण अंगदुखीवर सर्रास मिळणाऱ्या काही गोळ्या किडनीला घातक असतात. क्षयावरचं रिफाम्पिसिन तर टॅक्रोलिमसची लेव्हल एकदम खाली पाडतं. म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या क्षयाच्या गोळ्या अशा मुलाला सुरू करायच्या असतील, तर दोन्ही डॉक्टरांचं बोलणं झाल्याशिवाय करू नयेत. काढे, जडीबुटीची पूड, पपनस-चकोतऱ्यासारखी फळं यांचंही तसंच, विचारल्याशिवाय नको. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत, फोन करून विचारावं. आणि आपल्या श्रावणातल्या उपासकरणी मुलींसाठी एक: गोळीनं उपास मोडत नाही.

एक गोष्ट मनाला टोचते ती सांगतेच. १९९५ ते २०२१ या काळातल्या आपल्या देशातल्या नोंदींत ३६,६४० जणांना अवयव मिळाले. त्यात पुरुष २९,६९५ आणि बायका ६,९४५. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच पुढे, त्यातही आया आणि बायको. मुलाला किडनी देणारी आई पुढे दहा वर्षं त्याला दिवसातून दोनदा तीच गोष्ट ऐकवते, "माझी किडनी दिली रे तुला." तिचं चुकतं असं कसं म्हणू? पण पोराला ते कर्ज वाटायला लागतं, आणि ज्या सावकाराचं कर्ज फिटणारच नाही, त्याच्या दारावरून माणूस मान खाली घालून जातो. तेराव्या वर्षापासून थोडं थोडं सोपवावं. आधी गोळीचं नाव आणि रंग पाठ. मग डबी भरणं. मग डॉक्टरांशी पाच मिनिटं एकट्यानं बोलणं, आई बाहेर. मग फोनवर स्वतः गोळ्या मागवणं. वर्षाला एक पायरी गेली तरी अठराव्या वर्षी हात एकदम सुटत नाही. एखाद्या परीक्षेच्या, दुःखाच्या काळात घडी विस्कटली तर आईनं चार महिने डबी परत आपल्याकडे घ्यावी, आणि मग पुन्हा द्यावी. यात हरण्यासारखं काही नाही.

शाळेत कुणाला सांगायचं, हेही मुलाला विचारूनच ठरवावं. एका शिक्षकाला आणि एका जवळच्या मित्राला माहीत असलेलं बरं, सगळ्या वर्गाला कळायला हवं असं नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत समुपदेशक नेमलेले असतात. आपल्या उपजिल्हा रुग्णालयात त्यांची चौकशी करा. किडनीचं ज्ञान त्यांना कमी असेल, पण पोराचं ऐकून घेणारं घराबाहेरचं माणूस म्हणून त्यांचा उपयोग होतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आपण कुजबुजतच बोलतो. लग्न. स्थळाकडच्यांना सांगायचं की नाही? लपवून लग्न झालं तर सासरी गोळी लपवून घ्यावी लागते. चोळीत, पिठाच्या डब्यामागे. आणि लपवून घेतलेली गोळी चुकतेच. त्यातून मायकोफेनोलेटसारखं एखादं औषध गर्भाला घातक असतं, मूल हवं असेल तर महिनोन्महिने आधी डॉक्टरांना सांगून ते बदलावं लागतं. म्हणजे इथं लपवण्यात दोन जीव गुंततात. किडनी बदललेल्या बाईला मूल होत नाही, ही भीती मात्र खरी नाही. अमेरिकेतल्या एडिथ हेल्म या बाईला १९५६ मध्ये जुळ्या बहिणीची किडनी बसवली आणि १९५८ मध्ये त्यांना मूल झालं. त्यानंतरही त्या पन्नासहून अधिक वर्षं जगल्या, २०११ पर्यंत. जुळ्या बहिणीची किडनी असल्यामुळे त्यांचं बरंच सोपं गेलं. पण पुढे गोळ्यांवर असलेल्या कितीतरी बायका नीट देखरेखीखाली आया झाल्या आहेत, आपल्या देशातही. हे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगायचं असेल तर ते मुलीनं सांगावं, तिची तयारी असेल त्या शब्दांत, आणि शेजारी आईनं बसावं. तोवर ती औषधांची नावं, वेळा आणि कारणं सांगण्याइतकी तरबेज झालेली असावी, म्हणून सुरुवात तेराव्या वर्षी करायची.

येत्या बुधवारी याच वेळी डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या स्वयंपाकाबद्दल बोलू, पाणी, मीठ आणि भाज्या कशा मोजायच्या ते. नमस्कार.